एलियट स्मिथच्या गाण्यांतला ‘तू’ कोण?

एका मुलीचा प्रश्न आहे. तिच्याच शब्दांत, थोडा आवरून देतो : “सहा महिने एलियट स्मिथ ऐकतेय. ही गाणी सगळी त्याच्या आयुष्यातलीच का? इतकं काळोखं लिहिणारा माणूस दिवसरात्र त्याच काळोखात असतो का? आणि मी बाबांच्या दारूवर एक गाणं लिहिलंय, त्यात खरं किती ठेवू?”

मी गिटार शिकवतो, गाणी लिहितो आणि गाणी लिहिणाऱ्या पोरांच्या वह्या वाचतो. पंचवीसेक वर्षं हेच चाललंय. ‘खरं किती ठेवू’ हे दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. पण एलियट स्मिथ या अमेरिकन गायक-गीतकाराचं बोट धरून विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी छोटं उत्तर. त्याच्या गाण्यांतली माणसं बहुतेक खरी, जागा खऱ्या, राग तर शंभर टक्के खरा. प्रसंग मात्र पुष्कळदा रचलेले. आणि ऐकताना “हा अगदी पोटातलं सांगतोय” असं जे वाटतं, त्यातलं निम्मं काम शब्दांनी केलेलंच नाही, माईकनं केलंय. एवढ्यावर भागत असेल तर पुढचं नाही वाचलं तरी चालेल.

स्मिथचा जन्म १९६९ चा, अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या ओमाहाचा. कागदोपत्री नाव स्टीव्हन पॉल स्मिथ. ‘एलियट’ हे त्यानं पुढे स्वतःच लावून घेतलेलं. आईवडील तो अगदी लहान असतानाच वेगळे झाले. आई त्याला घेऊन टेक्ससमध्ये, डॅलसजवळ राहायला गेली आणि तिथे तिनं दुसरं लग्न केलं. सावत्र वडिलांशी त्याचं कसं होतं हे सांगायला चरित्रकार लागत नाही, सुरुवातीच्या एकदोन गाण्यांत त्यांचं नाव घेऊनच त्यानं ते सांगितलंय. चौदाव्या वर्षी ते घर सोडून तो ओरेगॉनमधल्या पोर्टलंडला सख्ख्या वडिलांकडे आला. वडील मानसोपचारतज्ज्ञ. पुढे त्यानं दंडावर टेक्ससचा नकाशा गोंदवून घेतला होता. टेक्सस आवडतं म्हणून नाही, आवडत नाही म्हणून, विसरायचा मोह होतो म्हणून. असं तो मुलाखतीत म्हणाला होता. त्याची गाणी समजून घ्यायला मला हा नकाशा फार उपयोगी पडतो. नकोशा गावाची हद्द अंगावर काढून ठेवायची, पण आतली एकही गल्ली दाखवायची नाही.

पहिला अल्बम ‘रोमन कॅन्डल’, १९९४. हा अल्बम म्हणून केलाच नव्हता. मैत्रिणीच्या घराच्या तळघरात, मागून आणलेल्या फोर-ट्रॅक यंत्रावर केलेलं कच्चं रेकॉर्डिंग होतं ते. एका छोट्या कंपनीनं ऐकलं आणि म्हणाली, आहे तसंच काढू. त्यातल्या चार गाण्यांना तर नावंच नाहीत : बिननावाचं एक, बिननावाचं दोन, असे नुसते आकडे. नऊच गाणी, त्यातली चार बेवारशी.

रोमन कॅन्डल म्हणजे नळीतून एकेक पेटता गोळा उडवणारं फटाक्यातलं दारूकाम. त्याच नावाच्या गाण्यात बोलणारा म्हणतो, मला त्याला दुखवायचंय, त्याला वेदना द्यायच्यात. शब्द हे असे, आणि गातो कसा? कुजबुजत. हेडफोन लावून ऐका. श्वास ऐकू येतो, तारेवरून बोट सरकल्याची चर्रकन आवाजाची रेघ ऐकू येते, ओठ सुटे होताना ऐकू येतात. मी हे गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्याचा आवाजच बारीक असेल. खूप उशिरा कळलं की त्याच काळात तो हीटमायझर नावाच्या बँडमध्ये चांगला गळा ताणून गात होता. म्हणजे कुजबुज ही निवड होती. घरात माणूस कुजबुजतो कधी? पलीकडच्या खोलीतल्या कुणाला तरी जाग यायला नको असते तेव्हा. पोरानं दाबलेला राग गाण्यात असाच यायचा. तोच राग ओरडून गायला असता तर तो मोठ्या माणसाचा झाला असता, आणि मग त्या घराचा काही संबंध उरला नसता.

आता यातलं तंत्र. माईक तोंडाच्या अगदी जवळ आला की आवाजातला खर्ज फुगतो आणि गाणारा आपल्या कानाशी बसल्यासारखा वाटतो. त्यावर स्मिथ आणखी एक करायचा : तीच ओळ, तशीच, दुसऱ्यांदा गाऊन पहिलीवर चढवायचा. डबल ट्रॅकिंग. बीटल्सनी हे भरपूर वापरलंय आणि हा बीटल्सचा परमभक्त. पण त्याच्याकडे त्याचा परिणाम वेगळाच होतो. दोन आवाज जवळजवळ एक आहेत, पण केसभर इकडेतिकडे. शब्दाच्या शेवटचा ‘स’ एकाचा आधी येतो, दुसऱ्याचा नंतर. एकच माणूस स्वतःशी बोलतोय आणि स्वतःचं त्याला पुरतं पटत नाहीये, असं काहीतरी. गिटारही पुष्कळदा एक अख्खा सूर खाली लावलेली, तारा सैल, नाद जरा ओलसर. यातलं काहीही ‘खरं’ किंवा ‘खोटं’ नसतं. पण कबुलीजबाबाचा भास इथून येतो. माझ्या वर्गात एका पोरानं सरळ वाण्याच्या यादीचे शब्द या पद्धतीनं गाऊन दाखवले होते. तूरडाळ अर्धा किलो. दोघीजणी डोळे पुसत होत्या.

दुसऱ्या अल्बममधलं, म्हणजे १९९५ सालचं, ‘नीडल इन द हे’ हे गाणं घ्या. नावातच सुई, त्यामुळे हेरॉईनचं गाणं म्हणून ते प्रसिद्ध झालं. गिटार एकसारखी खाली ठोकत राहते, सूर पायरी पायरीनं उतरत जातो. त्यात पोर्टलंडमधला पत्ता आहे, सिक्स्थ आणि पॉवेल, आणि तिथून पुढे चालायचे चार ब्लॉक. एवढा नेमका पत्ता दिला की ऐकणारा म्हणतो, बघा, हा तिथे गेलाच असणार. पण चरित्रं आणि त्याच्या जवळच्यांच्या आठवणी सांगतात की त्या काळात तो हेरॉईन घेत नव्हता. ती व्यसनं मागाहून, २००० च्या आसपास आली. दारू मात्र होती. नशा हे मी दुसऱ्या गोष्टींबद्दल बोलायचं साधन म्हणून वापरतो, कुणावर तरी अवलंबून असण्याबद्दल बोलायचं म्हणून, अशा अर्थाचं तो मुलाखतींतून सांगत आला. लोकांनी ऐकलं नाही. पुढे व्यसन खरोखर लागलं तेव्हा सगळे म्हणाले, आम्ही म्हणत नव्हतो?

या गाण्यातली सर्वनामं मोजून बघा. ‘तो’ आहे, ‘तू’ आहे आणि ‘मी’ आहे. त्यानं तुझे कपडे घातलेत, तो हडकलाय, तू त्याला सावरतेयस. तिघं आहेत की एकाचेच तीन तुकडे? इंग्रजीत ‘यू’ म्हणजे तू, तुम्ही, आपण, बाई, पुरुष, समोरचा आणि आरशातला, सगळे एकदम. स्मिथ त्या एका शब्दावर अख्खी घरं बांधतो. (वर मी ‘सावरतेयस’ लिहिलं, ते बाई धरून. माझ्या सोयीसाठी. मूळात तसं काही नाही. ही अडचण पुढे पुन्हा येणार आहे.)

तिसऱ्या अल्बमचं नाव ‘आयदर/ऑर’, १९९७. हे नाव कीर्कगार्द या डॅनिश तत्त्वज्ञाच्या १८४३ सालच्या ग्रंथावरून घेतलेलं. स्मिथनं कॉलेजात तत्त्वज्ञान आणि राज्यशास्त्र केलं होतं, म्हणून नाव उचललं असं कुणी म्हणेल. पण तो ग्रंथ कीर्कगार्दनं स्वतःच्या नावावर छापला नव्हता. व्हिक्टर एरेमिता नावाच्या काल्पनिक संपादकाला एका जुन्या मेजात कागद सापडतात, त्यातले काही ‘अ’ नावाच्या माणसाचे, काही ‘ब’ चे, अशी सगळी बतावणी. लेखकाच्या जवळचं खूप काही आत आहे आणि लेखक कुठेच नाही. आत्मचरित्रात्मक म्हणून मिरवल्या गेलेल्या गायकानं आपल्या अल्बमला नेमकं हेच नाव द्यावं, हा मला योगायोग वाटत नाही.

त्याच अल्बममधलं ‘बिट्वीन द बार्स’ मी एकदा मराठीत आणायचा प्रयत्न केला. पाव तासात होईल म्हणून बसलो, तीन आठवडे गेले.

गाणं वरवर प्रेमाचं. कुणीतरी कुणालातरी म्हणतंय : पी, जागी राहा, मी सांगतो तसं कर, मी तुला बरं करीन; तू पूर्वी जी जी माणसं होतीस आणि जी आता तुला नको झाली आहेत, त्यांना मी गप्प ठेवीन. बोलणारं कोण? प्रियकर? की बाटली? दोनचारदा ऐकलं की बाटलीच बोलतेय असं वाटायला लागतं आणि मग अंगावर काटा येतो, कारण बाटलीचं बोलणं जगातल्या कुठल्याही प्रियकरापेक्षा गोड आहे. ती काही फसवत नाही. तुझ्यात काय काय होतं, तू काय होऊ शकली असतीस, सगळं ओळखून आहे. आणि त्याचा बंदोबस्त करायला तयार आहे. नावातले ‘बार्स’ म्हणजे दारूचे बार, तुरुंगाचे गज आणि संगीतातले मात्रांचे खंडही. आपल्याकडे ‘बार’ म्हटलं की पहिला अर्थ मिळतो, वादकांना तिसराही मिळतो, गज मात्र सुटतात. ठीक आहे, तेवढं सोडलं.

न सुटणारी अडचण क्रियापदाची. मराठीत ‘मी सांगतो’ म्हटलं की पुरुष, ‘मी सांगते’ म्हटलं की बाई, किंवा बाटली, म्हणजे पुन्हा स्त्रीलिंगीच. एका मात्रेनं सगळं गुपित फुटतं. वर तुम्हाला समजावताना मीही ‘सांगतो’ लिहून बसलोच. मग लक्षात आलं की आपल्या व्याकरणात दोन चोरवाटा आहेत. भविष्यकाळ : ‘मी ठेवीन’, ‘मी करीन’. यात लिंग नाही. आणि आज्ञार्थ : ‘पी’, ‘थांब’, ‘ये’. यातही नाही. म्हणजे गाणं फक्त आज्ञा आणि आश्वासनं यांतच रचायचं. मग कळलं की मूळ गाणंही जवळजवळ तसंच आहे : आज्ञा आणि आश्वासनं. व्यसन याच दोन काळांत बोलतं, वर्तमानाशी त्याला घेणं नसतं. हे मला दहा वर्षं ऐकून कळलं नव्हतं, भाषांतर करताना एका ‘ईन’मुळे कळलं. ‘तू पूर्वी जी जी माणसं होतीस’ इथे मात्र ‘होतीस’नं घात केला. शेवटी ‘तुझ्यात राहून गेलेली माणसं’ केलं. भाडेकरूंसारखं ऐकू येतं, पण चालतंय. गाणं वहीतच आहे, हक्क माझ्याकडे नाहीत.

आता आईचं गाणं. १९९८ चा ‘एक्सओ’ हा त्याचा मोठ्या कंपनीसाठीचा पहिला अल्बम. त्यातलं ‘वॉल्ट्झ नंबर टू’. आधी नुसते ड्रम, तीन मात्रांचा ठेका, आपल्या कानाला दादऱ्याच्या वळणाचा. नाचाचा ठेका आहे हे विसरू नका. जागा कराओके बारची. माईक, अर्धी सिगारेट, आणि कुणीतरी ‘कॅथीज क्लाउन’ म्हणतंय. हे एव्हर्ली ब्रदर्सचं १९६० सालचं गाजलेलं गाणं, बाईपायी चारचौघांत हसं झालेल्या पुरुषाचं. तो बघ तिनं लग्न केलेला माणूस. ती बघ तो मिरवत असलेली बाई. ती शांत दिसते, म्हणजे असेलही शांत, कुणाला काय कळतंय. चेहऱ्यावर काही नाही, चिनीमातीच्या मेलेल्या बाहुलीसारखी शून्यात बघतेय. तिचं गाऊन होतं. पुढचं नाव पुकारतात, ‘फार ओळखीचं नाव’. कुणाचं ते सांगत नाही. सावत्र बापाचं? की स्वतः त्याचंच? आणि मग येतो सूड, ‘यू आर नो गुड’ च्या चालीवर. लिंडा रॉनस्टॅटनं १९७५ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेलेलं गाणं ते. ‘तू कामाचा नाहीस’, चार वेळा.

या घरातली माणसं एकमेकांना जे बोलायचं ते दुसऱ्यांच्या गाण्यांतून बोलतात. स्वतःचं वाक्य कुणाकडेच नाही. आपल्याकडे लग्नाच्या अंताक्षरीत एखादी काकू नेमकं एक गाणं उचलते आणि काका मान खाली घालतात, तसं. फरक इतकाच की इथे ते लहान मूल कोपऱ्यात बसून सगळं बघतंय आणि पुढे वीस वर्षांनी त्याची चाल बांधतंय. नंतर एका ओळीत ‘एक्सओ, मॉम’ येतं, इंग्रजी पत्राच्या शेवटी लिहितात ते पापे आणि मिठ्या : सगळं ठीक आहे, काही झालेलं नाही. आणि पालुपद म्हणतं, आता तू मला कधीच कळणार नाहीस, तरी माझं प्रेम असणारच आहे. ‘तू’ म्हणजे आईच, असं मी धरतो. वर्गात एकदा एक मुलगा म्हणाला, सावत्र बापही असू शकेल. मी आधी हसलो. मग रात्री पुन्हा ऐकलं. बसतं की तेही.

सतत काळोखात असायचा का, हा तुमचा दुसरा प्रश्न. नाही. ‘आयदर/ऑर’ चं शेवटचं गाणं ‘से येस’ ऐका, सकाळीही थांबून राहिलेल्या मुलीच्या डोळ्यांतून जग आवडायला लागल्याचं. चाली तर त्याच्या कित्येकदा उजळच असतात. शब्द बुडत असतात आणि कॉर्ड वर चढत असतात. २३ मार्च १९९८ ला तो ऑस्करच्या मंचावर पांढऱ्या सूटमध्ये ‘मिस मिझरी’ गायला. ‘गुड विल हंटिंग’ सिनेमातल्या या गाण्याला नामांकन होतं; बक्षीस ‘टायटॅनिक’ च्या गाण्याला गेलं. त्याच्या चाहत्यांना ते गाणाऱ्या सेलीन डिऑनची टिंगल करायची होती, तर हा सांगत बसला की ती माझ्याशी किती चांगलं वागली.

२१ ऑक्टोबर २००३ रोजी लॉस एंजेलिसमध्ये तो गेला, ३४ व्या वर्षी. ती आत्महत्या होती की आणखी काही, हे तिथल्या अधिकृत अहवालानं ठरवलं नाही, उघडंच ठेवलं. ऐकणाऱ्यांनी मात्र लगेच ठरवून टाकलं आणि मग मागे जाऊन प्रत्येक ओळीत चिठ्ठी शोधायला लागले. माझा यावर राग आहे. १९९४ साली पंचविशीतल्या पोरानं लिहिलेली ओळ २००३ ची साक्ष कशी देईल? ती तेव्हा जगण्यासाठीच लिहिलेली होती, नाहीतर बसून ताल कशाला जुळवला असता? शेवटच्या काळातल्या ‘किंग्ज क्रॉसिंग’ मध्ये तो एक कारण मागतो, असं करू नये याचं एक तरी चांगलं कारण द्या म्हणतो. प्रत्यक्ष कार्यक्रमांत त्या जागेवर समोरून उत्तर यायचं : कारण आमचं तुझ्यावर प्रेम आहे. गाण्यातला ‘तू’ शेवटी खुर्चीतून उठून बोलला, असं मला ते वाटतं. (आणि सहा महिने फक्त हेच ऐकत असाल तर एकेक आठवडा सुटी घ्या. ऐकून छाती जड व्हायला लागली तर गाणं बंद करून कुणाशी तरी बोला. मी तेव्हा बोललो नव्हतो, म्हणून सांगतोय.)

आता तुमचं गाणं.

खरं किती ठेवायचं याला आपल्याकडे चांगला जुना दाखला आहे. तुकोबा ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान, स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’ असं सरळ सांगतात आणि खाली ‘तुका म्हणे’ म्हणून सही करतात. आडपडदा नाही. एक टोक ते, दुसरं टोक स्मिथचं. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी : दुःख असं मोघम काही नाही. तिथे ‘अन्न अन्न’ हे दोन शब्द आहेत, इथे अर्धी सिगारेट आणि पॉवेलचा कोपरा.

तुमच्या गाण्यात ‘अंधार’ सहा वेळा आलाय, ‘जखम’ तीन वेळा. हे सगळं काढा. यातला कुठलाच अंधार तुमच्या घरातला नाही, तो गाण्यांच्या बाजारातला आहे. दुसऱ्या कडव्यात मात्र एक ओळ आहे : बाबा रात्री स्कूटर गेटच्या बाहेरच बंद करतात आणि ढकलत आत आणतात, आवाज नको म्हणून. बाई, ही ओळ सोन्याची आहे. त्यात दारूचा उल्लेख नाही, तरी सगळी बिल्डिंग कळते. बाबांची लाज कळते आणि तुम्ही जाग्या होता हेही कळतं. नाव, आडनाव, पेठ यातलं काही टाकू नका. ज्यांना ओळखायचं ते स्कूटरवरून ओळखतील, आणि ते बाबा आहेत हे लक्षात ठेवा, उद्या तेही ऐकणार आहेत.

पालुपदात तुम्ही ‘तुम्ही असे का वागता’ असं विचारलंय. तिथे ‘तुम्ही’ चं ‘तू’ करून बघा. बाबांना तुम्ही ‘अहो बाबा’ म्हणत असाल तर ‘तू’ कुणाला आहे ते ऐकणाऱ्याला पटकन कळणार नाही. बाबांना, स्वतःला, की त्या स्कूटरला. कळू देऊ नका. मग फोन उशाशी ठेवा, दार लोटा आणि पलीकडे कुणीतरी झोपलंय असं धरून एकदा गाऊन पाठवा. चाल नंतर बघू.